आजोबांचं रिव्हॉल्व्हर आणि दोनशे रुपयांचं वेल्डिंग

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. मला बंदुकांची अजिबात आवड नाही. दिवाळीत लवंगी फटाकासुद्धा मी लांबलचक उदबत्ती घेऊन, अर्धं अंग मागे ठेवून लावतो. तरीही २०२५ च्या सुरुवातीचे माझे कमीत कमी आठ शनिवार-रविवार एकाच प्रश्नामागे गेले. रिव्हॉल्व्हर दुरुस्त करणारा माणूस कुठे मिळेल, आणि तोही खिशाला परवडेल असा? या शोधात जे काही कळलं ते लिहून ठेवतोय. कारण शेवटी माझं एक ठाम मत झालंय, आणि ते ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी पूर्ण ऐकून घेत नाही :)

तर झालं असं. माझं आजोळ सातारा जिल्ह्यात, कराडच्या बाजूला. आजोबांचं गुऱ्हाळ होतं. गुळाची पट्टी झाली की रोख पैसे घेऊन ते रात्री-बेरात्री घरी यायचे. म्हणून साठच्या दशकात कधीतरी त्यांनी परवाना काढला आणि एक सेकंडहँड वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतलं. पॉइंट ३२ चं, बर्मिंगहॅममध्ये बनलेलं. आमच्या घरात बाकी कशावर नाही, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. आजोबांनी ते जन्मात कुणावर रोखलं नाही. खंडेनवमीला पाटावर मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, की पुन्हा कपाटात. आजोबा २००९ साली गेले. रिव्हॉल्व्हर आधी पोलीस ठाण्यात जमा झालं, मग वारस म्हणून मामांच्या नावावर परवाना झाला आणि ते घरी परत आलं.

निवडणुका आल्या की तिकडच्या बऱ्याच परवानाधारकांना शस्त्र ठाण्यात जमा करावं लागतं. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या, त्यामुळे दोन फेऱ्या झाल्या. डिसेंबरात परत आणल्यावर मामांनी ते साफ करायला काढलं. रिकामंच होतं. घोडा हळूहळू मागे ओढला, तर गोळ्यांचं चक्र फिरलं, पण पुरतं फिरलंच नाही. सहा घरांपैकी दोन घरं नळीसमोर येण्याआधीच अडकत होती. ठाण्यात काही झालं असं मुळीच नाही. झीज साठ वर्षांची होती, फक्त लक्षात आता आली.

मामांचा फोन आला. "आरं, तू मेकॅनिकलचा इंजिनियर ना? मग सांग, हे कशानं आसंल?"

मंडळी, मेकॅनिकलची डिग्री घेऊन पाच वर्षं जावा लिहिणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारला की कसं वाटतं ते ज्याचं त्यालाच कळतं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मामाच म्हणाले, "काय न्हाई, आपला मोटर भरणारा हाय नव्हं, त्याला दावलं फोनवर. दोनशे रुपयांत वेल्डिंग मारून, घासून देतो म्हणाला."

हा माणूस मला माहिती आहे. विहिरीच्या मोटरी भरतो, नांगराचे फाळ जोडतो, कडबाकुट्टीचं पातं बसवतो. हात खरोखर चांगला आहे. पण मला घाम फुटला, आणि त्याची दोन कारणं होती.

पहिलं कारण यंत्राचं. घोडा ओढला की आतलं एक बारीक पोलादी बोट वर येतं आणि चक्राच्या मागच्या दात्याला ढकलतं. सहा घरं, म्हणजे प्रत्येक वेळी ६० अंश. चक्र तेवढं फिरलं की खालून एक खटका येऊन त्याला घट्ट धरतो. आता गोळीचं घर आणि नळी एका रेषेत. ते बोट किंवा दाते झिजले की चक्र ५७-५८ अंशांवर रेंगाळतं. अशा वेळी गोळी उडाली तर ती नळीत सरळ शिरत नाही, नळीच्या काठावर घासते. चक्र आणि नळी यांच्यात मुळातच ०.१ ते ०.२ मिलिमीटरची फट असते. ती ठेवावीच लागते, नाहीतर चक्र फिरणार नाही. त्या फटीतून शिशाच्या कपच्या बाजूला उडतात. फरक जास्त असेल तर याहून वाईट घडतं. बाजूला कोण उभं असेल? आमच्या घरात बहुतेक मामीच.

आणि ते बोट वेल्डिंग मारून घासलं की झालं, असंही नाही. ते किती लांब हवं हे त्याच एका रिव्हॉल्व्हरवर, सहाही घरं तपासत, कानशीने थोडं थोडं घासून ठरवावं लागतं. नवा भाग मुद्दाम थोडा मोठा घेतात आणि बसवताना कमी करतात. केसभर जास्त घासलं की तो भाग भंगारात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय पोलादाचं पाणी उतरलं तर आज नीट चालणारं बोट वर्षभरात पुन्हा झिजेल किंवा मोडेल. आमच्या भाषेत सांगायचं तर हा कोडमधला पॅच थेट प्रॉडक्शनवर टाकण्याचा प्रकार आहे. फक्त इथे रोलबॅक नाही.

दुसरं कारण कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ वाचा. शस्त्र बनवायला आणि विकायला परवाना लागतो हे सगळ्यांना माहिती असतं. पण त्याच वाक्यात दुरुस्तीही आहे आणि चाचणीही. बिनपरवाना दुरुस्तीचा धंदा करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. ज्याला शस्त्र बाळगायचा हक्क नाही त्याच्या हाती ते सोपवणाराही सुटत नाही. म्हणजे दोनशे रुपयांच्या वेल्डिंगपायी एक चांगला मोटर भरणारा आणि एक चांगला मामा, दोघेही आत. मामांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग इतकी वर्षं लोकं काय करत्यात?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण ते रिव्हॉल्व्हर मोटरच्या दुकानात न पाठवण्याचं वचन मी घेतलं, आणि बदल्यात "मी पुण्यात माणूस शोधतो" असं कबूल करून बसलो.

इथून माझे शनिवार सुरू झाले.

सुरुवात अर्थातच यूट्यूबपासून. तिथे सगळे अमेरिकन. त्यांच्याकडे घरोघरी बंदुका, मग कारागीर गल्लोगल्ली असतील असं मला वाटलं होतं. पण तिकडचे लोकही हेच रडगाणं गातात, की जुन्या रिव्हॉल्व्हरला हात लावणारा माणूस मिळत नाही. तिकडे हा विषय कॉलेजात शिकवतात. कोलोरॅडोमधल्या ट्रिनिडॅडच्या कॉलेजात हा अभ्यासक्रम १९४७ पासून आहे. तरी चणचण का? कारण आजची पिस्तुलं अशी बनतात की बिघडलेला भाग काढायचा आणि नवा टाकायचा. कानशीचं काम जवळपास नाहीच. कोल्ट कंपनीचं पायथन नावाचं रिव्हॉल्व्हर १९५५ साली आलं तेव्हा ते हाताने जुळवण्याच्या कामासाठी प्रसिद्ध होतं. मधे ते बंद पडलं. २०२० साली त्याच नावाने पुन्हा आलं ते आतली रचना बदलून, सुटे भाग कमी करून, हाताचं काम कमीत कमी लागेल अशा बेताने. कारखान्याच्या दृष्टीने शहाणपणच आहे. पण जुनी रिव्हॉल्व्हरं अजून कपाटात आहेत आणि ती जुळवणारे हात मात्र एकेक करून निवृत्त होतायत.

आता आपल्याकडे या. परदेशी पिस्तुल-रिव्हॉल्व्हरांची खाजगी आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली, त्यामुळे वेब्लीचा सुटा भाग दुकानात मागायचा प्रश्नच नाही. गंमत म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर याच वेब्लीच्या वळणाचं आहे, तसंच मधून मोडून उघडणारं. मला वाटलं, चला, कंपॅटिबल पार्ट मिळाला! पण वर सांगितलं तेच. भाग मिळाला तरी तो जुळवणारा हात हवाच.

पुण्यात मी तीन दुकानांत चौकशी केली. पहिल्या ठिकाणी काडतुसं मिळत होती, दुरुस्ती बंद केली होती. दुसऱ्या ठिकाणी फोनवरच उत्तर मिळालं, "तीन हजार. दोन दिवसांत." मी खूश. मग विचारलं, कोण करतं? "आम्ही बाहेरून करून आणतो." बाहेरून म्हणजे कुठून? त्यावर पलीकडचा आवाज जरा तुटक झाला. वस्तू न बघता भाव सांगितला आणि काम कोण करणार ते सांगत नाहीत. एस्टिमेट असंच देऊन आम्ही किती प्रोजेक्ट बुडवलेत ते मला माहिती आहे, त्यामुळे मी फोन ठेवला.

तिसऱ्या दुकानात एक काका होते. सत्तरीच्या पुढचे, जाड भिंगाचा चष्मा. दुरुस्तीचा परवाना भिंतीवर फ्रेममध्ये. म्हणाले, "फोटोवरून काही सांगत नाही. मालकाला आणि परवान्याला घेऊन या." मामांचा परवाना महाराष्ट्रभर चालणारा होता म्हणून बरं. पुढच्या शनिवारी मामा गाडी घेऊन आले. रिव्हॉल्व्हर डब्यात, काडतुसं घरीच. (माहितीसाठी सांगतो, कायद्यात अशी सोय आहे की परवानाधारक सोबत असेल किंवा त्याचं लेखी पत्र असेल, तर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकतो. मी तरीही डब्याला हात लावला नाही.)

काकांनी आधी परवान्यावरचा नंबर आणि रिव्हॉल्व्हरवरचा नंबर जुळवला, रजिस्टरमध्ये लिहिला. मग रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं असल्याची खात्री केली, बंद केलं, पुन्हा उघडून पुन्हा बघितलं. मामा म्हणाले, "रिकामंच हाय." काका म्हणाले, "सगळे हेच म्हणतात."

पुढचा अर्धा तास ते काहीच बोलले नाहीत. एकेक घर अंगठ्याने अगदी हळू पुढे आणून बघितलं. फटीत पातळ पट्ट्या सरकवून मोजमाप घेतलं. नळी धरून बिजागरीत हलते का ते बघितलं. हलत होती. नळीवर मुकुटाच्या खाली बीएनपी अशी तीन अक्षरं कोरलेली होती. ती मला दाखवून म्हणाले, "ही काय आहेत माहितेय?" बर्मिंगहॅमला १८१३ पासून एक सरकारमान्य प्रूफ हाऊस आहे. तिथे प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून बघतात, टिकली तरच शिक्का. म्हणजे टेस्टिंग झाल्याशिवाय रिलीज नाही, आणि तेही दोनशे वर्षांपूर्वीपासून! काका म्हणाले, "हा शिक्का तेव्हाच्या बंदुकीचा आहे. आजच्या झिजलेल्या बंदुकीचा नाही."

निदान असं निघालं. बोट नवं घडवावं लागेल, बिजागरीची पिन बदलावी लागेल, दाते अजून चालतील. एकूण नऊ हजार, वेळ अडीच महिने, आणि आज बघण्याचे पाचशे वेगळे.

मामा दुकानाबाहेर येऊन जे भडकले! "नऊ हजार? आरं, एवढ्यात दोन मोटरी भरून हुत्यात! आन् नुसतं बघायचं पाचशे?"

मी शांतपणे हिशोब मांडला. नवं रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर? २०१४ साली कानपूरहून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. आणि नऊ हजारांत काय काय आलं? तीन-चार दिवसांचं कानशीकाम, पोलाद, परवाना टिकवण्याचा खर्च, नोंदी, तपासण्या, आणि उद्या काही झालं तर पहिलं नाव काकांचं येणार ती जबाबदारी. आमची कंपनी माझ्या एका तासाचे क्लायंटला जेवढे डॉलर लावते, त्यात काकांचा एक पूर्ण दिवस येतो. आणि माझ्या चुकीने आजवर कुणाचं बोट तुटलेलं नाही, फार तर एक रिपोर्ट उशिरा गेलाय. पाचशे रुपयांबद्दल तर मला वाटतं तेच सगळ्यात स्वस्त होते. त्या अर्ध्या तासातच कळलं की मामा ज्या वस्तूच्या भरवशावर रात्री निर्धास्त झोपत होते, ती सहातल्या दोन वेळा त्यांच्याच घरच्यांना इजा करू शकली असती.

आता माझं मत, ज्यासाठी हा सगळा प्रपंच.

परवडणारा कारागीर शोधताना आपण भाव विचारतो. विचारायला हवं ते वेगळंच. तो बघण्याआधी भाव सांगतो का? काम स्वतः करतो का? "हे करू नका" असं सांगायची त्याची तयारी आहे का? या तीन प्रश्नांत जो टिकला तो महाग वाटला तरी परवडतो. दोनशेवाला आणि तीन हजारवाला हे दोघेही मला परवडणारे नव्हते.

पण सगळा भार गिऱ्हाइकाच्या शहाणपणावर टाकून चालणार नाही. कारण परवडणारा सोडा, कुठलाच कारागीर सापडला नाही की माणूस मोटरच्या दुकानातच जातो. कायदा शस्त्र कुणाच्या हातात आहे याची खूप काळजी घेतो, आणि घ्यायलाच हवी. २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्याला सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षणही लावलं. २०१९ पासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. मामांच्या प्रत्येक नूतनीकरणाला नंबर जुळतो का ते बघितलं गेलं. सहा घरं नळीशी जुळतात का, हे मात्र एकदाही नाही. माझ्या स्कूटरला पीयूसी लागते आणि साठ वर्षांच्या रिव्हॉल्व्हरला काहीच लागत नाही? नूतनीकरणासोबत परवानाधारक कारागिराचं तपासणीपत्र सक्तीचं करा. त्याने कारागिराला कायमचं काम मिळेल, आणि काम असलं की दर आपोआप खाली येतील. दुसरं, लष्कराच्या ईएमई कोअरमध्ये आर्मरर असतात, शस्त्रदुरुस्ती हीच त्यांची नोकरी. त्यातले कितीतरी जण चाळिशीतच निवृत्त होतात आणि कुठेतरी सिक्युरिटीत उभे राहतात. त्यांच्या नोंदी सरकारकडे आहेत, कौशल्य सरकारनेच शिकवलंय. दुरुस्तीचे परवाने देताना त्यांना आधी विचारा. जिल्ह्याला एक जरी मिळाला तरी पुरे.

यावर बायकोचा आक्षेप असा की मुळात दुरुस्त कशाला करायचं, जमा करून टाका ना. खरं सांगू? मलाही तेच वाटतं, आणि मी मामांना ते बोललोसुद्धा. पण तो निर्णय मामांचा. आजोबांच्या हातचं काही त्या घरात उरलं असेल तर ते एवढंच. आणि जोवर ते कपाटात आहे तोवर ते नीट असायला हवं. बिघडलेली बंदूक निरुपद्रवी होते असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ती फक्त कुठल्या बाजूला उडेल ते सांगता येत नाही.

अडीच महिन्यांचे साडेतीन झाले (सॉफ्टवेअरवाल्यांनी यावर बोलू नये). आणायला गेलो तेव्हा काकांनी सहाही घरं मामांच्या हाताने तपासून घेतली. टक्, टक्, टक्, सहा वेळा एकसारखा आवाज. मामांनी नऊ हजार मोजून दिले, कुरकुर न करता. मी सहज विचारलं, "काका, दुकानात पुढे कोण?"

"कोणी नाही. मुलगा तुमच्याच लायनीत आहे. हिंजवडीला."

घाटात गाडी थोडा वेळ गप्पच होती. खंबाटकी ओलांडल्यावर मामा म्हणाले, "पुढच्या टायमाला कुनाकडं न्यायचं रं?"

मी मेकॅनिकलचा इंजिनियर आहे, म्हणून त्यांनी मला विचारलं. माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.